नेमाण्णांची डोण

नेमाण्णांच्या फटफटीत बसायचं तर आधी तंबाखूच्या काट्यावर चढावं लागे. निपाणीतल्या त्यांच्या वखारीत शिरलं की उजव्या हाताला तो भलामोठा काटा टांगलेला असायचा. एरवी त्यावर तंबाखूची पोती चढायची. कुणी हौशी माणूस "नेमाण्णा, मलाबी एकदा फिरवून आना की" असं म्हणाला, की नेमाण्णा त्याचा दंड चाचपून बघत आणि काट्याकडे बोट दाखवत. "चढा. वजन पायजे, राव. वजनाबिगर काय न्हाई."

हा विक्षिप्तपणा नव्हता. म्हणजे होता, पण त्याला शास्त्र होतं. बेळगावच्या कॅम्पातला कुणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याची फटफटी नेमाण्णांनी विकत घेतली. तिला डाव्या अंगाला माणूस बसायची एक लांबोडकी गाडी जोडलेली होती. साहेब तिला साईडकार म्हणायचा. नेमाण्णांचे थोरले बंधू भरमाप्पा यांनी तिला पहिल्याच दिवशी नीट न्याहाळलं आणि विचारलं, "ही डोण कशाला आनलीस? म्हशीला पानी पाजायला?" तेव्हापासून अख्ख्या निपाणीत तिचं नाव डोणच पडलं. तर ही डोण रिकामी असली की डाव्या वळणावर हवेत उचलली जाते. मग फटफटी, डोण आणि नेमाण्णा असे तिघेही उजवीकडच्या गटारात जातात. पहिल्या आठवड्यात ते तसे गेलेही होते. त्यानंतर त्यांनी नेम केला की डोणीत माणूस असल्याखेरीज गाडी हलवायची नाही.

म्हणून गावातल्या माणसांची प्रतवारी नेमाण्णांच्या मनात वजनावर ठरलेली होती. पोस्टमास्तर म्हणजे देवमाणूस, कारण ते वळणावर तसूभर हलत नसत. मामलेदार कचेरीतले कारकून हुशार होते, सज्जन होते, पण "वाऱ्यावर उडत्यात, कामाचे न्हाईत." मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. माझा देह खात्यापित्या घरचा. माझी ज्ञानसाधना कुणाच्या लक्षात आली नसली तरी नेमाण्णांनी काट्यावर मला पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले. "मास्तर, तुमी लई दिवस कुटं होता?"

तेव्हापासून मी त्यांचा कायमचा वजनदार सोबती झालो. सुट्टीच्या दिवशी पहाटे बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, देवदर्शन करून ते माझ्या दारात हजर व्हायचे. डोक्याला जरीचा रुमाल घट्ट बांधलेला, डोळ्यांवर साहेबाचा काचेचा चष्मा, तोंडावर पांढरं फडकं. फडकं धुळीसाठी असेल असं मला वाटलं होतं. ते चिलटांसाठी होतं. "आपल्या तोंडात जाऊन त्येंचा जीव जायला नगं." धोतराचा काचा मारून ते गाडीवर बसत आणि आम्ही सह्याद्री बघायला निघायचो. वाट ठरलेली होती. स्तवनिधीचा घाट, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, मग रान दाट होत होत आंबोलीचा कडा. कडा बघायचा, डबा खायचा आणि दिवस मावळायच्या आत निपाणीत येऊन संध्याकाळचं जेवण उरकायचं. दिवस बुडाल्यावर त्यांच्या घरात कुणी अन्नाला शिवत नसे, त्यामुळे आमच्या सगळ्या सफरीचं वेळापत्रक सूर्याच्या हातात होतं.

घरात पाणी गाळून प्यायची रीत. नेमाण्णा पेट्रोलही गाळून घालत. त्यासाठी वेगळं फडकं होतं आणि पद्माक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, ते वेगळ्या दांडीवर वाळत घालत. रस्त्यावर मुंग्यांची रांग दिसली की गाडी थांबे. नेमाण्णा उतरत, वाकून रांग कुठून कुठे चालली आहे ते बघत आणि गाडी शेतातून वळसा घालून पलीकडे काढत. आषाढात, मुनिमहाराज एका गावी मुक्काम करतात तेव्हा, नेमाण्णांची फटफटीही चातुर्मासाला बसायची. पावसात किडामुंगी फार, चाकाखाली किती जातील याचा नेम नाही. म्हणून ती घराच्या पुढच्या सोप्यात लाकडी ठोकळ्यावर चढायची, तिच्यावर सतरंजी पडायची, आणि चार महिने घरातली माणसं तिला वळसा घालून देवघरात जायची. भरमाप्पा जाता-येता म्हणायचे, "महाराजांचा मुक्काम लई लांबला."

डोंगराचं वेड मात्र त्यांना मी लावलं. एकदा घाटात मी सहज सांगितलं, की नेमाण्णा, हा सगळा मुलूख ज्वालामुखीचा आहे. जमिनीला भेगा पडल्या, आतून तापलेला रस आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा रस आला. असे थरावर थर साचून हे डोंगर झाले, म्हणून त्यांना अशा पायऱ्या दिसतात. हा धडा मी इयत्ता चौथीला दरवर्षी शिकवत होतो आणि दरवर्षी निम्मा वर्ग झोपत होता. नेमाण्णांनी गाडी थांबवली. उतरले. काळ्या दगडावर तळहात ठेवून उभे राहिले.

"म्हंजे ही आग हाय?"

"होती."

"गार झालेली आग," ते म्हणाले. "आन् हिच्यावर आपुन भात लावतोय."

त्या दिवसापासून मी त्यांना जे सांगितलं होतं ते ते मलाच सांगू लागले. प्रत्येक ठिकाणाचं त्यांचं एक भाषण तयार झालं. इथं थर मोजा. इथं दगड उभा चिरलाय, का ते इचारा. इथनं पुढं जांभा लागतोय, तांबडा, भोकाभोकाचा. पोस्टमास्तरांनी ते ऐकलं, डॉक्टरांनी ऐकलं, चिकोडीहून पाहुणे म्हणून आलेल्या व्याह्यांनी ऐकलं. मी तर इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही घडाघडा म्हणून दाखवलं असतं.

एकदा कड्यावर डबा खाताना मी त्यांना चिडवलं. म्हटलं, "नेमाण्णा, अर्ध्या निपाणीला डोंगर दाखवलात. आता उरलेल्या अर्ध्या निपाणीचीही वजनं करा."

ते हसले नाहीत. खाली दरीकडे बघत म्हणाले, "ज्या मानसासाठी डोण घेतली, त्ये मानूस अजून बसलं न्हाई, मास्तर."

मग त्यांनी सांगितलं. पद्माक्का चिकोडीच्या. लग्न होऊन निपाणीत आल्या, त्या चिकोडी आणि निपाणी यांच्या पलीकडे गेल्याच नव्हत्या. फार तर बैलगाडीतून स्तवनिधीच्या जत्रेला. पदरी मूलबाळ नाही. घर माणसांनी भरलेलं, पण दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चूल आणि पाणी. साहेबाने कॅम्पात नेमाण्णांना एक चक्कर मारून आणली, तेव्हा हिंडलग्याच्या पुढच्या माळावर त्या डोणीत बसल्या बसल्या त्यांच्या मनात एवढंच आलं होतं, की हे तिला दाखवायचं.

"मग अडलंय कुठं?"

"आप्पा," ते म्हणाले. अडलं होतं ते भरमाप्पांपाशी. घरची लक्ष्मी उघड्या डोणीत बसून मुलूखभर फिरली तर लोक तोंडात शेण घालतील, असं त्यांचं मत होतं. आणि थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर नेमाण्णा जन्मात गेले नव्हते. त्या घरात नवराबायको चारचौघांत एकमेकांशी बोलतही नसत. नेमाण्णांना पाणी हवं असलं तर ते भिंतीकडे बघून "तहान लागली" म्हणत, आणि थोड्या वेळाने भिंतीमागून तांब्या येई. अशा घरात बायकोला फटफटीवर बसवायचं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

पण जे मला किंवा पोस्टमास्तरांना जमलं नाही ते एका बैलाने केलं. भरमाप्पांची चिकोडीला कोर्टात तारीख होती आणि नेमका त्याच दिवशी गाडीचा बैल लंगडला. तारीख चुकवून चालणार नव्हतं. भरमाप्पा धोतर सावरत, डोळे मिटून, णमोकार मंत्र म्हणत डोणीत बसले. काट्यावर चढायची गरज नव्हती, ते दिसण्यातच पुरेसे होते. संध्याकाळी परत आले तेव्हा मी वखारीतच होतो. त्यांचा रुमाल उडून कुठं तरी गेला होता, मिशा मागे वळल्या होत्या. उतरेनात. नेमाण्णांनी हात दिला तरी उतरेनात. शेवटी म्हणाले, "बस्तीला एक फेरा घालून येऊ या. दर्शन र्‍हायलंय." बस्ती हाकेच्या अंतरावर होती. दोघे जण गावाला वळसा घालून, पार मळ्याकडून तिथे गेले.

त्यानंतर आषाढ लागला. फटफटी चातुर्मासाला बसली, पावसाळा गेला, कार्तिकी पौर्णिमा झाली. मग एका सकाळी सोप्यात बसल्या बसल्या, स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "नेम्या, धाकटीला एकदा डोंगर दावून आन. एकटं जाऊ नगा. मास्तर संगं असू दे."

अशा रीतीने मी नेमाण्णांच्या मागच्या गादीवर बसलो. पद्माक्का डोणीत. हिरवं इरकली लुगडं, पदर नाकापर्यंत ओढलेला, पायाशी जेवणाचा डबा. निपाणी संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. घाट लागला, गाव मागे पडलं, आणि पदर हळूहळू कपाळापर्यंत सरकला. स्तवनिधीला देवदर्शन झालं. पुढे निघालो, आणि मला कळलं की आज काहीतरी बिघडलं आहे. फटफटी ठीक होती. नेमाण्णा बोलत नव्हते. ज्या दगडापाशी ते हमखास थांबायचे, तिथे थांबले. खाकरले. दगडाकडे बघितलं. आणि कानाच्या पाळ्या लाल करून पुढे निघाले. इतकी वर्षं आम्हा सगळ्यांवर तालीम केली, आणि ऐन प्रयोगाला नटाची वाचा गेली.

शेवटी मीच सूत्रं हातात घेतली. "अक्का, हे बघा, इथं थर मोजायचे. ही गार झालेली आग. आणि ती पलीकडे उभी चिरलेली भिंत दिसते ना..."

"ती हितं न्हाई, मास्तर," पद्माक्का म्हणाल्या. "ती गडहिंग्लज सोडल्यावर. डाव्या अंगाला. वडाच्या फुडं."

गडहिंग्लज सुटलं, वड आला, वडाच्या पुढे डाव्या अंगाला ती भिंत आली. डावं वळण आलं की नेमाण्णा 'झुका' म्हणून ओरडायच्या आतच पद्माक्का डाव्या काठावर झुकत, इतक्या वर्षांत मलाही जमलं नाही इतक्या बेताने. मी विचारलं, "अक्का, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्या पदराआड हसल्या. "दर फेरीला घरी आल्यावर सांगत्यात की. समदं. कोन डोनीत बसलं, कोन भ्यालं, कुटं दगड कसा दिसला. मला आता झोपंत सुदीक वाट दिसती."

माझ्या पुढ्यात नेमाण्णांची मान होती, ती रुमालापर्यंत तांबडी झाली.

ओढ्याकाठी गाडी थांबवून नेमाण्णा आभाळाकडे बघत म्हणाले, "मास्तर, इचारा, जेवायचं का हितं?" माझ्या पोटाने तर केव्हाच होकार दिला होता. डब्यात शेंगापोळ्या होत्या, शाळूच्या भाकरी होत्या, दह्यातली चटणी होती. पण पद्माक्का म्हणाल्या, "माझं आज एकासन हाय. एकदाच बसायचं. आन् स्तवनिधीला देवापुढं नेम घेतलाय, कडा बघितल्याबिगर अन्न घेनार न्हाई."

नेमाण्णांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं. एकासन म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीला जेवायचं. बैठकीवरून उठलं की जेवण संपलं. आणि दिवस बुडाला की तेही नाही. म्हणजे मावळायच्या आत कडा गाठला नाही तर ही बाई उद्या सकाळपर्यंत उपाशी, आणि तेही आयुष्यातल्या एकुलत्या एका सहलीच्या दिवशी. त्या जेवणार नाहीत म्हणून नेमाण्णाही जेवले नाहीत. ते जेवले नाहीत म्हणून मलाही जेवता येईना. डबा बंद झाला.

"वेळ हाय. दुपारीच पोचतोय," नेमाण्णा म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी गाडी पळवली.

पळवली ती आजऱ्याच्या पुढे मुंग्या लागेपर्यंत. अशी रांग मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. रस्त्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत काळा पट्टा, आणि प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. सगळं गाव बिऱ्हाड हलवत होतं. नेमाण्णांनी ब्रेक लावला. रांगेकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं, डोणीकडे बघितलं. त्यांच्या तोंडावरचं फडकं श्वासाने आत-बाहेर होत होतं.

"नेमाण्णा," मी म्हटलं, "एकदाच. डोळे मिटून."

"पोरंबाळं घिऊन चालल्यात ओ, मास्तर," पद्माक्का डोणीतून म्हणाल्या.

संपलं. नेमाण्णांनी गाडी शेतातून घातली. भात नुकतं कापलेलं होतं आणि खाली चिखल होता. डोणीचं चाक आसापर्यंत रुतलं. मग मी ढकललं, नेमाण्णांनी ढकललं, पद्माक्काही उतरून पदर खोचून ढकलू लागल्या. दोन शेतकरी धावून आले, त्यांनी बैल लावले. बैल फटफटीला बुजले आणि तिला सोडून नुसतं जू घेऊन पळाले. बैल धरून आणण्यात, पुन्हा जुंपण्यात, चाक काढण्यात दुपार गेली. मुंग्यांचं बिऱ्हाड तोवर पोचून, मला वाटतं, चूलही पेटली असेल.

आम्ही आंबोलीच्या कड्यावर पोचलो तेव्हा कडा नव्हता.

खालून कोकणातून धुकं चढलं होतं. जिथे दरी, जिथे डोंगराच्या त्या पायऱ्या, तिथे सगळं पांढरंफेक. चार पावलांवरचं झाड दिसेना. नेमाण्णा काठाशी जाऊन उभे राहिले. एकदा घड्याळ बघत, एकदा धुकं. मग ते उगीच हाताने धुकं बाजूला सारायला लागले. मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी भावाने परवानगी दिली, बायको इथवर आली, आणि दाखवायला काही नाही. वर ती उपाशी.

पद्माक्का त्यांच्यापासून हातभर अंतरावर येऊन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून खाली आला होता, तो त्यांनी घेतला नाही. बराच वेळ समोर बघितलं. मग हात जोडले आणि म्हणाल्या, "दिसला."

नेमाण्णा माझ्याकडे वळले. "मास्तर, इचारा त्यास्नी, काय दिसलं?"

मी विचारायच्या आत त्या त्यांच्याकडे बघूनच बोलल्या. "वरती तांबडा जांभा हाय. त्येच्याखाली काळा दगड, धपाटी रचल्यागत, एकावर एक. मधनं मधनं झाडीचा पट्टा. लई खाली नदी, सुतागत. एवढी वर्सं तुमी मला दावताय की रोज. नेम मोडला न्हाई माजा. मी डोंगर बघितलाय."

नेमाण्णांनी फडक्याने चष्म्याची काच पुसली. चष्मा कपाळावर होता, काच कोरडी होती.

मग धांदल उडाली. सतरंजी अंथरली, पानं मांडली. पद्माक्का वाढायला लागल्या. आधी पुरुषांनी जेवायचं, मग बायकांनी, हे त्या घरात कुणी कधी सांगितलंही नसेल, इतकं ते ठरलेलं. पण आमची जेवणं होईपर्यंत दिवस कुठला राहायला? मी पटकन म्हटलं, "अक्का, माझ्या पानावर तुम्ही बसा. मला रात्रीचं चालतं. मी जरा पाय मोकळे करतो." त्या नेमाण्णांकडे बघू लागल्या. नेमाण्णा आपल्या पानावरून थोडे बाजूला सरकले, सतरंजीवर भरपूर जागा असूनही. त्या बसल्या. लग्नाला वीस-एक वर्षं झाली असतील. शेजारी बसून जेवायची दोघांची ती पहिलीच वेळ.

मी पाठ फिरवून कड्याच्या टोकाला गेलो. पोटात कावळे कोकलत होते. आणि अगदी सहज, कुणी दार लोटावं तसं, धुकं खाली उतरलं. समोर सगळा सह्याद्री. थरावर थर, काळे, मधे हिरवे पट्टे, खाली नदी, आणि पश्चिमेला डोंगरापासून दोन बोटं वर सूर्य. इतका स्वच्छ मी तो कधीच पाहिला नव्हता. हाक मारायला मी तोंड उघडलं आणि वळलो.

दोघांची डोंगराकडे पाठ होती. पद्माक्का खाली मान घालून, घाईघाईने, अंधार येईल म्हणून घासामागून घास घेत होत्या. मी हाक मारली असती तर त्या उठल्या असत्या, आणि उठल्या की त्यांचं जेवण तिथंच संपलं असतं. मी तोंड मिटलं. नेमाण्णांनी आपल्या पानातली अर्धी शेंगापोळी मोडून त्यांच्या पानात ठेवली. दिवसभर खिशातून काढून बघितलेलं घड्याळ बाजूला गवतात पडलं होतं.

"सावकाश जेव," ते म्हणाले. "दिस हाय अजून."